जुनी हेराल्ड घरी उभी करणे : हौस, कायदा आणि हिशेब

कान्हे हे पुणे-लोणावळा लोकलवरचे, वडगाव आणि कामशेतच्या मधले लहान स्टेशन. तिथे आमच्या भाच्याने घराशेजारी पत्र्याची शेड घालून दोन दारांची एक जुनी स्टँडर्ड हेराल्ड मोटार उभी करावयास घेतली आहे. भांडवलासाठी तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या मनात तीन गोष्टी होत्या. छत काढून गाडी उघडी करायची, आत दुसरे दमदार इंजिन बसवायचे आणि तयार झाली की वरातीला भाड्याने द्यायची. आम्ही कापडाचे व्यापारी, मोटारीचे मिस्त्री नव्हे. पण पैसा लावण्यापूर्वी माल पारखण्याची सवय आहे. म्हणून मिस्त्री, पत्रेकाम करणारे, लेथवाले आणि आरटीओच्या कामातले जाणकार यांच्याकडे बसून जी माहिती जमविली ती इथे देत आहोत. अनेक घरांतील तरुणांना ही हौस लागली आहे, त्यांच्या वडीलधाऱ्यांना ती उपयोगी पडेल.

प्रथम मालाची ओळख. हेराल्ड ही मूळ ब्रिटनच्या ट्रायम्फची गाडी, १९५९ साली बाजारात आली. आकार इटलीच्या मिकेलोत्ती यांचा. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने ती १९६१ पासून बनविली, इंजिन ९४८ सीसीचे. हिला शर्यतीची गाडी कोणी म्हणणार नाही. परंतु १९६२ साली आलेली ट्रायम्फ स्पिटफायर ही प्रसिद्ध दोन आसनी स्पोर्ट्स कार हेराल्डचीच चॅसिस आखूड करून बनविलेली होती. त्यामुळे स्पिटफायरचे स्वप्न पाहणारे आपल्याकडे हेराल्डपाशी येऊन थांबतात.

घरी काम करणाऱ्यास ही गाडी सोयीची का, याचे उत्तर कारखानदारीच्या इतिहासात आहे. त्या काळी ब्रिटनमध्ये मोटारीचा सांगाडा व पत्रा एकजीव करून बनविण्याची पद्धत आली होती. पण ट्रायम्फला पत्रे पुरविणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला. अखंड बॉडी मिळेना, म्हणून वेगळी चॅसिस आणि तिच्यावर बोल्टने जोडलेले पत्र्याचे तुकडे अशी रचना करावी लागली. छतसुद्धा बोल्टवर आहे. पुढचे बॉनेट मडगार्डांसह एकसंध उघडते आणि मिस्त्री टायरवर बसून इंजिनाचे काम करू शकतो. कंपनीची त्या वेळची अडचण आजच्या हौशी माणसाच्या पथ्यावर पडली.

पत्र्याच्या खर्चाचेही कारण इथेच समजते. मोटारीचे भाग प्रेसवर दाबण्याचा कारखाना कान्ह्यातच आहे. आधी तो महिंद्रा उजीन स्टीलचा होता, ही कंपनी पुढे सीआयई समूहात गेली. प्रेसवर एक भाग दाबायला क्षणभर लागतो. मात्र त्यासाठीची डाय अत्यंत महाग, आणि हजारो नग निघाले तरच ती परवडते. आपल्याला मडगार्ड हवे एक, फार तर दोन. म्हणजे हातोडी, डॉली आणि कसबी हात एवढाच मार्ग उरतो. असे हात आता कमी राहिले. आजचा डेंटर पोचा काढतो किंवा भाग बदलतो, सपाट पत्र्यातून गोलाई उठविणारा वेगळा. तो सापडला तर मजुरीची घासाघीस करू नये असे आमचे मत आहे.

मावळातला खरा शत्रू गंज. लोणावळ्याचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे; कान्ह्यात तो कमी असला तरी जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. म्हणून पत्र्याचे काम दिवाळीनंतर काढावे आणि मेअखेर रंगाखाली न्यावे. घासून उघडा केलेला पत्रा पावसाळ्यात एक रात्र तसा राहिला तरी सकाळी तांबूस दिसतो. पुष्कळ लोक लांबी भरून, वर रेड ऑक्साईड मारून गाडी पुढच्या हंगामासाठी ठेवून देतात. लांबी ओल शोषते, नुसता रेड ऑक्साईडही पाणी पूर्ण अडवीत नाही. गंज आतून चालूच राहतो. गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा, प्रायमर चांगला वापरावा आणि पोकळ भागांत मेण किंवा तेल फवारावे. हेराल्डमध्ये चॅसिसच्या बाजूला निघालेले बाहू, ज्यांच्यावर बॉडी टेकते, ते आधी सडतात. गाडी घेताना वरचा चकचकीत रंग पाहू नये, खाली शिरून हे बाहू टोकदार हत्याराने ठोकून पाहावेत.

आता जिवाशी संबंधित गोष्ट. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा खालच्या टोकाला पितळी ट्रनियनमध्ये आट्यांनी फिरतो. या जागी ग्रीस नव्हे, गिअरचे घट्ट तेल द्यावयाचे असते. तेल न मिळाल्यास आत पाणी जाऊन दांडा गंजतो आणि एके दिवशी तुटतो. तुटला की चाक आडवे होते. आपल्याकडचा मिस्त्री सवयीने ग्रीसगन लावतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. मागच्या बाजूचा दोष याहून मोठा. तिथे स्विंग ॲक्सल आहे. जोरात वळण घेताना अचानक पाय ॲक्सिलरेटरवरून काढला तर मागचे चाक आत दुमडल्यासारखे होऊन गाडी उचलली जाते. साध्या ९४८ सीसीच्या इंजिनावर हे सहसा होत नाही, कारण वेगच तेवढा नसतो. अशा गाडीत दुप्पट ताकदीचे इंजिन टाकणे आणि ब्रेक जुने ड्रमचेच ठेवणे, याला आम्ही शौक म्हणणार नाही. भाच्याला आम्ही स्पष्ट सांगितले : ब्रेक, ट्रनियन, टायर व पत्रा यांना पैसे मिळतील, इंजिनबदलाला मिळणार नाहीत.

कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करता येत नाही. इंधन बदलण्याचे मान्यताप्राप्त किट वगैरे मोजके अपवाद आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. ब्रिटनमध्ये उघड्या छताची हेराल्ड कंपनीच काढीत असे हे खरे. पण आपल्या आरसी बुकात गाडी बंद छताची लिहिली असेल तर चार बोल्ट काढणे सोपे आणि पुढचे उत्तर देणे अवघड.

दुसरीकडे सरकारने जुन्या गाड्यांना एक मानाचे दारही उघडले आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल केलेला नसावा ही अट आहे. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, फेरनोंदणीस पाच हजार. प्रमाणपत्र दहा वर्षांचे. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे येतात, आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. म्हणजे साठच्या दशकातली हेराल्ड या दारातून जाऊ शकते, मात्र दुसऱ्या जातीचे इंजिन टाकून ते दार आपणच बंद करून घेतो.

आणि वरातीचा धंदा? तो इथेच संपतो. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजचा वापर व व्यापारी वापर मना आहे. साधी खासगी नोंदणी ठेवली तरी भाड्याने देण्याची मुभा नाही, शिवाय नूतनीकरणाचा खर्च आहे. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी पाच हजार रुपये झाले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी दहा हजार आणि आयात केलेल्या मोटारीसाठी ऐंशी हजार करण्यात आले. ज्यांना परदेशी एमजी किंवा स्पिटफायरचा सौदा सांगण्यात येतो त्यांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र मिळू लागले. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा डायाफ्राम, कार्बोरेटरमधील बुचाचे व रबराचे भाग इथेनॉलने फुगतात किंवा विरघळतात. गळती गरम इंजिनावर झाली तर आग. या नळ्या व डायाफ्राम इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत. इथेनॉल हवेतली ओल ओढते, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत. मिश्रण थोडे पातळ होते तेव्हा जेट मिस्त्रीकडून तपासून घ्यावा. शिवाय फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेविरहित पेट्रोलच मिळते. जुन्या व्हॉल्व्ह सीटला शिशाचा आधार होता. हेड उतरलेच असेल तर लेथवाल्याकडून कठीण सीट बसवून घ्याव्यात. गाडीच्या मूळ रूपाला त्याने बाधा येत नाही. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते, ती धूळ हवा मारून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पेट्रोलची टाकी घरी वेल्ड करू नये.

आता आमच्या धंद्यातले थोडे. सीटसाठी रेक्झिन घेताना लोक वरचा रंग व उठाव पाहतात. माल पारखायचा तो उलट्या बाजूने. रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. मागे विणकरी सरळ कापड असेल तर ते ताणत नाही, सपाट दाराच्या पॅनेलला चांगले. सीटच्या गोल कडांना होजिअरीसारखे विणलेले अस्तर असलेला माल लागतो, नाहीतर कोपऱ्यात सुरकुत्या पडतात आणि वर्षाने तिथेच फाटते. तुकडा दुमडून नखाने घडी दाबावी. पांढरी रेघ उठली तर माल सोडून द्यावा. धागा पॉलिस्टरचा घ्यावा, सुती धागा मावळाच्या ओलीत कुजतो. टाके फार जवळ घालू नयेत, रेक्झिनला ओळीने भोके पडून ते टपाल तिकिटासारखे फाटते. स्प्रिंगवर नवे गोणपाट आणि काथ्याचा रबरी थर घालता येतो, पण जमिनीवर नमदा अंथरण्याची घाई करू नये. नमद्याखाली मुरलेले पाणी महिनोन्‌महिने सुकत नाही आणि नवा पत्रा पुन्हा सडतो. तिथे सुटी, उचलता येणारी रबरी चटईच बरी.

ज्यांना नव्या यंत्रावर जुन्या ढंगाची गाडी हवी त्यांच्यासाठी आपल्याच मुलखात प्रयत्न झाले आहेत. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा कंपनीने लोटस सेव्हनच्या ढंगाची रोडस्टर बनविली, इंजिन इसुझूचे १.८ लिटरचे. गोव्याच्या सॅन मोटर्सची दोन आसनी स्टॉर्म १९९८ साली आली. दोन्हींची बॉडी फायबरची, त्यामुळे वरून गंज नाही. खालचा लोखंडी सांगाडा मात्र तितकाच तपासावा लागतो.

नफ्याविषयी आमचा अंदाज सरळ आहे. अशा गाडीवर खरेदीच्या रकमेइतका किंवा त्याहून जास्त खर्च बसतो, आणि विकताना मजुरी क्वचितच वसूल होते. दुकानाचे खेळते भांडवल यात घालू नये. कमाई आहे ती या हौसेला माल व कसब पुरविणाऱ्याला : सीटचे काम, वायरिंग, क्रोम प्लेटिंग, हाताने पत्रा उठविणे. सुट्या भागांसाठी आधी पुण्याचा जुना बाजार, तो बुधवारी व रविवारी भरतो, आणि मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार पाहावा. ट्रायम्फचे बरेच भाग ब्रिटनमध्ये आजही नव्याने बनतात, परंतु टपालखर्च व जकात धरूनच भाव करावा.

काम सुरू करण्याआधी आरसी बुक, चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक जुळवून पाहावेत व गाडीचे चारही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. व्हिंटेज नोंदणीचा अर्ज फॉर्म २० वर करावयाचा. सोबत विमा, फी, जुने आरसी बुक आणि गाडी आयात केलेली असल्यास बिल ऑफ एंट्री लागते. कागद पूर्ण असतील तर साठ दिवसांत प्रमाणपत्र देण्याची नियमात तरतूद आहे.