हात कोणाचा?

वीत, हात, वांव, परस हे शब्द ऐकले म्हणजे जुन्या लोकांची मोजणी अगदींच ढोबळ असावी असा आपला समज होतो. माणसागणिक हात लहानमोठा. मग माप निश्चित राहावें कसें? ही अडचण पूर्वजांच्या ध्यानांत आली नव्हती असें मात्र नाहीं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत देश व काल यांच्या मानांचा एक अध्यायच आहे. अंगुल म्हणजे मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मधल्या पेराची रुंदी, असें तेथें सांगितलें आहे. यांतील 'मध्यम' हा शब्द महत्त्वाचा. हें शरीर कोणा एकाचें नव्हे, सर्वांनीं मान्य करावयाचें आहे. अशा १२ अंगुलांची वीत आणि २४ अंगुलांचा हात. पण कुरणें मोजावयाचा हात २८ अंगुलांचा, आणि लांकडाच्या अरण्याचा तर ५४ अंगुलांचा! एवढा लांब हात कोणा मनुष्याला नसतो, तो सरकारचाच.

यज्ञांत याच्या उलट. शुल्बसूत्रांप्रमाणें अग्निचयनाची चिती यजमानाच्याच देहानें मोजावयाची. हात वर करून तो उभा राहिला म्हणजे होणारी उंची वेळूवर उतरून घेत. तो एक 'पुरुष', आणि त्याचा १२० वा भाग तें अंगुल. पहिल्या चितीचें क्षेत्र साडेसात चौरस पुरुष. यजमान ठेंगणा असला तर चिती लहान होई. प्रमाण बिघडत नसे.

शेतांत मात्र प्रमाणावर भागत नाहीं. मराठी मुलखांत जमिनीची काठी ५ हात ५ मुठींची, आणि २० काठ्या लांब व तितकाच रुंद तो बिघा. हाताच्या ६ मुठी धरल्या तर काठींत ३५ मुठी होतात. मोजणाऱ्यानें एकच मूठ आखूड धरली, तर तेंच शेत कागदावर शेंकडा सुमारें सहांनीं वाढे, आणि बिघ्यावर सारा असल्यास तोही वाढे. तेव्हां काठी कोणाच्या हातानें ठरली, हा कुणब्याच्या पोटाचा प्रश्न होता.

१९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं. तरी खेड्यांत विहीर किती परस खोल, असें विचारतात. हा परस म्हणजे तोच जुना पुरुष. आणि गजरेवाली हातानें माळ मोजूं लागली, कीं गिऱ्हाइकाची नजर तिच्या कोपराकडे जातेच.