नॉर्वेच्या आधी माणिकगड

तुमच्या सेव्ह केलेल्या रील्समध्ये ती एक हमखास असणार. दगडाची लांबच लांब जीभ, खाली निळंशार पाणी आणि जिभेच्या टोकावर हात पसरून उभी असलेली कुणीतरी. नॉर्वेतलं ट्रोलटुंगा. रीलमध्ये काय दिसत नाही? फोटोसाठी मागे लागलेली रांग दिसत नाही. आणि तिथे जाऊन परत यायला साधारण २७ किलोमीटर, दहा-बारा तास चालावं लागतं, हेही दिसत नाही. व्हिसा आणि विमानाचं तिकीट नंतरचं. आधी सांगा, सलग दहा तास चालला आहात कधी?

नसाल तर सरावाची जागा शोधायला लांब जायला नको. मोहोपाड्यात किंवा चौकला राहत असाल, तर निम्मे डोंगर घराच्या गच्चीवरून दिसतात. प्रबळगड आणि त्याला खेटून उभा कलावंतीणीचा सुळका, इर्शाळ, कर्नाळ्याचा अंगठा आणि रसायनीच्या कारखान्यांपलीकडे माणिकगड. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, महाराजांना जे २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले, त्यात कर्नाळा होता आणि मुरंजन म्हणजे आपला प्रबळगडही होता. आपण मात्र रोज बसच्या खिडकीतून त्यांच्याकडे बघतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो.

पहिल्या मोठ्या चालीसाठी माझं मत माणिकगडाला. कलावंतीणवर शनिवार-रविवारी पायऱ्यांवर ट्रॅफिक जाम असतो. कर्नाळा सुंदर आहे, पण पक्ष्यांसाठी. शिवाय सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात, तिथे परफ्यूम मारून जाणाऱ्याचं काही खरं नाही. माणिकगडावर गर्दी कमी. मोहोपाड्याहून वाशिवली, तिथून वडगाव आणि मग जंगल. वर पाण्याची टाकी आहेत, चुन्याची घाणी आहे, पडका दरवाजा आहे आणि चारी बाजूंना ओळखीचे डोंगर. गोम एकच. जंगलात ढोरवाटा इतक्या फुटतात, की फक्त मॅपवर विसंबणारा भलत्याच ओढ्यात उतरतो.

नॉर्वेत हा प्रश्न कसा सोडवलाय बघा. तिथली ट्रेकिंगची मोठी संस्था १८६८ सालची. डोंगरवाटांवर तिने दगडांवर लाल रंगात इंग्रजी ‘टी’ अक्षर रंगवलंय. एका ‘टी’पासून दुसऱ्यापर्यंत चालत राहायचं. आपल्याकडे असा रंग नाही, पण माणसं आहेत. वडगावातून वाट माहीत असलेला कुणीतरी सोबत घ्या, त्याच्या दिवसाचे पैसे आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. सहा जणांत वाटले तर एका पिझ्झाएवढेही होत नाहीत. जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. दुपारी दोनला अचानक दारात उभं राहून ‘काकू, पिठलं-भाकरी मिळेल का?’ विचारणं म्हणजे त्या काकूंची दुपार खाणं.

आता वेळेचं गणित, कारण बहुतेक ट्रेक इथेच फसतात. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब दिला. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला वर एक तास. समजा तुमची चाल चार किलोमीटर आणि चढ पाचशे मीटर. म्हणजे ४८ मिनिटं अधिक ५० मिनिटं, साधारण पावणेदोन तासांच्या आत. पण नेस्मिथसाहेबांनी आपल्या कोकणातला दमटपणा पाहिला नव्हता, ग्रुपमध्ये दर दहा मिनिटांनी सेल्फी काढणारा मित्रही नव्हता. सरळ दीडपट करा. अडीच तास वर, दोन तास खाली, वर एक तास. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. म्हणून पायथ्याहून सकाळी सातला निघायचं आणि एक वेळ पक्की ठरवायची, समजा साडेअकरा. तेव्हा जिथे असाल तिथून परत. माथा दहा मिनिटांवर असला तरी.

हे शेवटचं वाक्य ग्रुपमध्ये कुणालाच आवडत नाही. नॉर्वेत मात्र ते नियमातच आहे. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत तिथे डोंगरात बरेच जीव गेले, त्यानंतर डोंगरात कसं वागायचं याचे नियम घरोघरी पोचवले गेले. आजही ते नऊ आहेत. त्यातला एक असा, की वेळेत मागे फिरण्यात लाज नाही. दुसरा त्याहून सोपा: कुठे चाललोय ते निघण्यापूर्वी कुणाला तरी सांगा. आपल्याकडे ‘आईला नको सांगूस, मैत्रिणीकडे अभ्यासाला आहे सांग’ यावरच निम्मे ट्रेक चालतात. आईला नसेल सांगायचं तर बहिणीला सांगा. कोणता किल्ला, कोणती वाट, कोण कोण, किती वाजता खाली. वर रेंज गेली तर शोध कुठून सुरू करायचा, हे तिला माहीत हवं. अडचणीत ११२ लागतो, पण आपण कुठे आहोत हे सांगता आलं पाहिजे.

सॅकमध्ये माणशी तीन लिटर पाणी. मार्चनंतर चार, आणि तेव्हा घसाऱ्यावर जुने गुळगुळीत स्पोर्ट्स शूज चालत नाहीत. टॉर्च प्रत्येकाकडे वेगळा, मोबाइलचा धरायचा नाही. बाकी यादी तुम्हाला ठाऊक आहे.

पावसाळ्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची वाडी. गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मदतीला जाणारे भर पावसात चालत चढले, माती हाताने उपसली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण सापडलेच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. ट्रेकला जाणाऱ्या कित्येकांना याच वाडीत पाणी आणि चहा मिळाला होता. ज्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना त्या रात्री अंदाज आला नाही, तिथे रील पाहून आलेल्या पाहुण्याला तो कसा येणार? जिल्हा प्रशासन धबधब्यांवर आणि गडांवर मनाईचा आदेश काढतं, तेव्हा ‘पोलीस काय करणार’ हा हिशेब बाजूला ठेवा. आणि इर्शाळच्या बाजूला कधी गेलात, तर त्या जागेचे ड्रोन शॉट घेऊ नका. तिथे माणसं अजून मातीखाली आहेत.

तेव्हा तारीख डिसेंबर-जानेवारीतली ठरवा. ग्रुप सहा ते आठचा, त्यात एक तरी पूर्वी गेलेला. मुंबईकडच्या मित्रांना पनवेलहून मोहोपाड्याची एसटी सांगा. रसायनी स्टेशन पनवेल–रोहा मार्गावर आहे, पण तिथे गाड्या मोजक्याच थांबतात, वेळ आधी बघा. आदल्या रात्री नऊला ‘उद्या नक्की ना?’ असा मेसेज टाका. आठातले दोन गळतील, ते गृहीत धरूनच भाकऱ्या सांगा.