फुप्फुसावरची साल

"पाणी काढलं ना, मॅडम? मग आता ऑपरेशन कशाला?"

भूल देण्याआधीच्या तपासणीला पेशंटबरोबर आलेली आई, बायको किंवा भाऊ, कुणी ना कुणी हे विचारतंच. मी भूलतज्ज्ञ आहे. छातीच्या शस्त्रक्रियांना भूल देणं हे माझं रोजचं काम, आणि हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. छातीत पाणी झालं, सुईने काढलं, नळी टाकली, बाटलीत यायचं ते येऊन गेलं, तापही उतरला. तरी माणूस अर्ध्या जिन्यात थांबतो, आणि एक्स-रेत एक बाजू पांढरीच दिसते. असं का?

फुप्फुसाच्या अंगावर एक पातळ अस्तर असतं, बरगड्यांच्या आतल्या बाजूला दुसरं. दोन्हींच्या मध्ये जेमतेम दोन-चार चमचे द्रव असतो. त्यावर फुप्फुस प्रत्येक श्वासाला अलगद सरकतं. न्यूमोनिया किंवा क्षयाचा संसर्ग इथवर पोहोचला की या फटीत पाणी साठू लागतं. सुरुवातीचं पाणी पातळ असतं, सुईने सहज येतं. त्यात जंतू वाढले की पू होतो, तो दाट होतो, आणि रक्तातल्या फायब्रिनचे धागे विणले जाऊन कप्पे पडतात. सोनोग्राफी करणारे डॉक्टर म्हणतात, "जाळ्या झाल्यात." मग नळी एका कप्प्यात असते आणि पू शेजारच्या चार कप्प्यांत. तेव्हाही हे थोपवलं नाही, तर पुढच्या काही आठवड्यांत त्या धाग्यांवर शरीर स्वतःच टणक पेशीजाल चढवतं. जखमेवर धरतो तसाच हा व्रण, पण फुप्फुसाला चहूबाजूंनी आवळून बसलेला. कोवळा असताना तो दुधावरच्या सायीसारखा उचलला जातो, जुना झाला की ओल्या कातड्यासारखा चिवट होतो.

नातेवाइकांना मी एवढंच सांगते: पाणी गेलंय, साल राहिलीय. आतलं फुप्फुस पुष्कळदा चांगलं असतं, त्याला फुगायला जागा नसते.

ही साल काढण्याच्या शस्त्रक्रियेला वैद्यकात 'डिकॉर्टिकेशन' म्हणतात, त्याचा अर्थही झाडाची साल सोलणं असाच. अमेरिकेत जॉर्ज फाउलर यांनी 1893 मध्ये आणि फ्रान्समध्ये एडमंड डेलॉर्म यांनी 1894 मध्ये ती केली. तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षं छाती उघडूनच ती होत आली. पाठीकडून पुढे वीतभर चीर घ्यायची आणि लोखंडी उपकरणाने बरगड्या फाकवायच्या. त्या चिरेचं दुखणं मी पाहिलं आहे. बरगडीखालची नस दाबली गेली की माणूस खोकायला घाबरतो, खोकला नाही की कफ साचतो. ज्या फुप्फुसासाठी एवढं केलं, तेच पुन्हा बसायला लागतं.

आता ती चीर टाळून तेच काम बहुधा दुर्बिणीतून होतं. त्या दुर्बिणीची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. स्टॉकहोमचे हान्स क्रिश्चन याकोबेअस यांनी 1910 मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण छातीत घालून पाहिली. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. आजारी फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून छातीत हवा सोडून ते मुद्दाम बसवत. पण चिकटलेलं फुप्फुस बसत नसे, म्हणून याकोबेअस दुर्बिणीतून ते चिकटलेले पट्टे तोडत. आपल्याकडे मिरजेच्या वानलेसवाडीसारख्या सॅनेटोरियममध्ये क्षयाचे रोगी महिनोन्‌महिने राहत, तो हा काळ. 1940च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि ती दुर्बीण हळूहळू मागे पडली. 1990च्या सुमाराला ती परतली, छोटा व्हिडिओ कॅमेरा लावून. फुप्फुस बसवण्यासाठी घेतलेल्या त्याच वाटेने आज आम्ही ते फुगवायला जातो.

मागे एक चोवीस वर्षांचा मुलगा आला होता, यंत्रमागावर काम करणारा. ताप येऊन दोन महिने झाले होते, क्षयाच्या गोळ्या चालू होत्या. तीनदा सुईने पाणी काढलेलं, आणि प्रत्येक वेळी "अजून थोडं थांबून बघू" असा सल्ला. उजवी बाजू श्वासाबरोबर हलतच नव्हती.

अशा पेशंटच्या श्वासनलिकेत मी दोन पोकळ्यांची नळी घालते. तिच्यामुळे दोन्ही फुप्फुसांचा श्वास वेगळा ठेवता येतो. सर्जन काम करतात ती बाजू मी थांबवते आणि कुशीवर झोपवलेल्या माणसाला खालच्या, चांगल्या फुप्फुसावर जगवते. वरचा पू त्या चांगल्या फुप्फुसात उतरू न देणं हेही त्या नळीचं काम. मग बरगड्यांमधून दोन-तीन छिद्रं, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. पडद्यावर आधी फक्त पिवळट गाळ दिसतो. तो ओढून घेतला, जाळ्या तोडल्या की एक पांढुरकी, निबर भिंत समोर येते. फुप्फुस कुठेच दिसत नाही.

सर्जन त्या भिंतीला एका जागी बारीक छेद देतात आणि म्हणतात, "मॅडम, फुगवा." मी भूलयंत्राची श्वासाची पिशवी हाताने, अगदी बेताने दाबते. छेदातून गुलाबी फुप्फुस किंचित वर येतं आणि साल व फुप्फुस यांच्यातली सीमा दिसते. त्या सीमेवरून गॉजच्या लहानशा बोळ्याने साल लोटत जायचं. जोर झाला तर फुप्फुस फाटतं, हवा गळते, रक्त झिरपतं. पुन्हा "फुगवा", पुन्हा थांबा. तासाभराने पिशवी दाबताना माझ्या हाताला फरक कळू लागतो. सुरुवातीला ती कडक फुटबॉलसारखी लागत होती, आता मऊ लागते. त्या दिवशी खालचा भाग छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या स्नायूला इतका चिकटला होता की एक छिद्र चार बोटं वाढवावं लागलं. कधीकधी पूर्ण छाती उघडावी लागते. त्यात अपयश मानू नये; साल आत ठेवण्यापेक्षा ते बरं. शेवटी फुप्फुस वरच्या टोकापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत बरगड्यांच्या पिंजऱ्याला येऊन टेकलं, तेव्हा सर्जन काही बोलले नाहीत, मीही नाही.

काढलेल्या सालीचा तुकडा पॅथॉलॉजीकडे आणि क्षयाच्या जीन एक्सपर्ट चाचणीला जातो. नुसत्या पाण्यात न सापडलेला क्षय पुष्कळदा त्या तुकड्यात सापडतो.

छातीत पाणी झालेल्या प्रत्येकाला हे लागत नाही. क्षयाचं साधं, पातळ पाणी बहुधा सहा महिन्यांच्या गोळ्यांनीच जिरतं. न्यूमोनियाचा पू वेळेवर टाकलेली नळी आणि प्रतिजैविकं यांनी पुष्कळदा निघून जातो. जाळ्या विरघळवणारी दोन औषधं नळीतून एकत्र सोडली तर उपयोग होतो, हे 2011 मधल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासाने दाखवलं. पण नळी टाकून काही दिवस झाले, ताप किंवा एक्स-रेतली सावली हटत नाही आणि सोनोग्राफीत कप्पे दिसतात, तेव्हा छातीच्या सर्जनना दाखवायला उशीर करू नका, असं मी कळकळीने सांगते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे काम छिद्रांतून अर्ध्या कष्टात होतं, तेच दोन महिन्यांनी तासन्‌तास चालतं. वर्षभर गेलं तर बरगड्या एकमेकींजवळ येतात, ती बाजू खचते, आणि सोडवलेलं फुप्फुसही पूर्ण फुगेल याची खात्री राहत नाही. भारतात जगातल्या क्षयरोग्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आहे. अशी थांबून राहिलेली माणसं वॉर्डात नेहमी दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलाला बघायला गेले. कुशीतल्या दोन नळ्या खालच्या बाटल्यांत उतरलेल्या, आणि श्वासागणिक नळीतलं पाणी वरखाली होत होतं. फिजिओथेरपिस्टने त्याच्या हातात तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर दिलं. पहिल्या ओढीला एक गोळी कशीबशी हलली. "दुखतंय?" विचारलं तर म्हणाला, "दुखतंय, पण हवा आत जातीय." आई पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून मोजत होती. क्षयाचे उपचार पूर्ण व्हायला अजून चार महिने होते.