लोणारचा गुलाबी रंग आणि उन्हावरची गोळी

मेहकरच्या एका वाचकाने विचारलं आहे, उन्हाने रापलेली, डागाळलेली कातडी गोळ्या खाऊन पहिल्यासारखी होते का? उत्तराची सुरुवात त्यांच्या शेजारच्या लोणारपासून करता येते.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि नाना तर्क निघाले. नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. रंग होता हॅलोआर्किया या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा. नमुना हलवला नाही की जीव तळाशी बसत आणि वरचं पाणी नितळ होई! पाणी आटलं, खारटपणा वाढला, तसं त्यांचं फावलं.

उघड्या सरोवरात सावली कुठली? हे जीव पेशीच्या आवरणातच कॅरोटिनॉइड रंगद्रव्य बाळगतात. अतिनील किरणांनी ऑक्सिजन खवळला की हे रंगद्रव्य त्याची ऊर्जा शोषून उष्णतेच्या रूपात सोडून देतं. गाजरातलं बीटा-कॅरोटीन याच कुळातलं. मग तेच गिळलं तर?

तर्क देखणा होता, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या नँबूर गावी तो तपासला गेला. १,६२१ गावकरी, साडेचार वर्षं, रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन किंवा तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. काहींना रोज सनस्क्रीनही. गोळीने ना त्वचेचा कर्करोग रोखला, ना सुरकुत्या. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत मात्र एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाल्या आणि त्वचेचं वय वाढणंही मंदावलं.

गोळी फसल्याचं मला नवल वाटत नाही. सूक्ष्मजीवाचं रंगद्रव्य जिथे ऊन लागतं तिथेच असतं. आपण गिळलेलं रंगद्रव्य मात्र आतडं, यकृत, चरबी यांत वाटलं जात त्वचेपर्यंत थोडंसंच पोहोचतं. शिवाय वर्षानुवर्षं तुटत गेलेलं, त्वचेला घट्ट ठेवणारं कोलॅजन त्याने सांधलं जात नाही.

दुसऱ्या एका गोळीने, निकोटिनामाइड या ब जीवनसत्त्वाने, २०१५ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत त्वचेचे नवे कर्करोग २३ टक्क्यांनी घटवले, पण ते आधीच असे कर्करोग होऊन गेलेल्यांमध्ये. गोळी थांबताच फायदाही थांबला. जाहिरातवाले हे शेवटचं वाक्य गाळतात.

मग करायचं काय? शेतात डोक्याला दुपट्टा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, दुपारी बारा ते तीन सावली आणि परवडत असेल तर सनस्क्रीन. पैसा घालायचा तर इथे घालावा. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेऊच नयेत: फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीत त्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला.