कागद मोजा, मग रॅम घ्या

"काकू, गेमिंगचाच घ्या, त्यावर सगळंच चालतं," असं दुकानदार म्हणतो, आणि काउंटरवरच्या काचेच्या कॅबिनेटमधले पंखे आधी जांभळे, मग हिरवे उजळतात. समोर चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी, तिची आई आणि पै-पै करून जमवलेले पैसे. नाशिकमध्ये असेंबल पीसी घ्यायला गेलं की हे दृश्य हमखास दिसतं. दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही, गेमिंगच्या पीसीवर चित्रं काढता येतातच. फक्त त्यातले निम्मे पैसे अशा भागावर जातात, ज्याला चित्रकाराकडे फारसं काम नसतं.

हिशेब कागदापासून सुरू करावा. छपाईसाठी 300 डीपीआयला ए-4 म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेल, साधारण 87 लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता यांचे मिळून चार बाइट. म्हणजे पूर्ण रंगवलेला एक लेअर 35 एमबीचा. ए-3 घेतला की 70. आता गोदाघाट काढायला बसा: आकाश वेगळं, पायऱ्या वेगळ्या, देवळांचे कळस, पाण्यातली प्रतिबिंबं, छत्र्या, माणसं, सावल्या. पन्नास लेअर कधी होतात कळतही नाही, आणि साडेतीन जीबी भरलेली असते. वर अनडूचा इतिहास, विंडोजचा स्वतःचा खर्च, संदर्भासाठी उघडलेले ब्राउझरचे वीस टॅब. 8 जीबीची रॅम इथेच संपते. मग मशीन उरलेला पसारा डिस्कवर टाकू लागतं आणि ब्रश पेनाच्या मागे रेंगाळतो. 16 जीबी हा आजचा किमान आकडा. मोठी पोस्टरं करणाऱ्याने 32 चा विचार करावा. एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. त्यामुळे चार स्लॉटचा मदरबोर्ड घेऊन आज 8-8 च्या दोन पट्ट्या लावाव्यात, बाकीच्या पुढे सवडीने. डिस्क मात्र एसएसडीच हवी.

ब्रशचा फटकारा ओढला की त्याचं गणित मुख्यतः प्रोसेसर करतो. कोअर किती, यापेक्षा एकेक कोअर किती वेगवान, हे इथे जास्त महत्त्वाचं. ग्राफिक कार्ड कॅनव्हास दाखवायला, फिरवायला, झूम करायला लागतं, आणि तेवढं काम प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही निभावून नेतं. क्रिटासारखं मोफत सॉफ्टवेअर वापरून द्विमितीय चित्रं काढणाऱ्याला महागडं कार्ड लागत नाही. ब्लेंडरमध्ये त्रिमितीय रेंडरिंग करायचं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे कार्डच राबतं. कार्ड टाळणार असाल तर एक खोच ध्यानात ठेवा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेतला, तर घरी येऊन स्क्रीन काळीच.

वाचलेले पैसे मॉनिटरला द्या. जलरंगात काम करणारा एक वेळ रंगांची तडजोड करील, कागदाची करणार नाही. मॉनिटर हा तो कागद. आयपीएस पॅनल आणि एसआरजीबीचे पूर्ण शंभर टक्के रंग, एवढं पत्रकावर छापलेलं आहे का ते पाहा. 165 हर्ट्‌झ वगैरे खेळणाऱ्यांसाठी. पेन टॅबलेटबद्दलही तेच: दाबाच्या 8192 पातळ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतात, पण पेन अगदी हलकं टेकवलं तर रेघ उमटते का, हे दुकानातच करून बघावं. बिनस्क्रीनचा टॅबलेट पुरतो. हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे, याची सवय व्हायला काही दिवस लागतात, इतकंच.

राहिले ते कंटाळवाणे भाग, ज्यांवर सगळे जण कात्री चालवतात. त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके विमा पॉलिसी गहाण ठेवून 1912 मध्ये सिनेमाच्या सामग्रीसाठी लंडनला गेले. त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्याबरोबर त्यांनी फिल्मच्या कडांना भोकं पाडणारं यंत्रही आणलं होतं, कारण तेव्हा कच्ची फिल्म बिनभोकांची मिळे आणि त्या भोकांशिवाय ती कॅमेऱ्यात सरकणारच नाही. आपल्या पीसीत असा नजरेआड राहणारा, पण ज्यावाचून काहीच चालत नाही असा भाग म्हणजे एसएमपीएस, सगळ्यांना वीज पुरवणारा. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस घेऊ नका. तो जाताना मदरबोर्डलाही घेऊन जातो. आणि वळवाच्या पावसात वीज गेली तर फाइल सेव्ह करण्यापुरती दहा मिनिटं देणारा यूपीएस बिलात आधीच धरा.

बिनकाचेची, बिनदिव्यांची कॅबिनेट मागितली की दुकानदार जरा नाराज होतो. मग दुकानातल्या मुलाला स्टुलावर चढवून वरच्या फळीवरून एक खोकं काढायला लावतो आणि त्यावरची धूळ फडक्याने झटकतो.