बाराव्या हिश्श्याची गाडी, पूर्ण मापाची हवा

प्लॅस्टिकच्या किटमधून जुन्या शर्यतीच्या गाडीची प्रतिकृती जोडणे म्हणजे सांगितले तसे करण्याचे काम, असा समज सर्रास आढळतो. खोक्यात सगळे भाग मोजून दिलेले, प्रत्येकाला आकडा, सोबत चित्रांची पुस्तिका. मग करणाऱ्याने करायचे काय? भाग चौकटीतून कापायचे, कडा घासायच्या, चिकटवायचे, रंगवायचे. या समजाच्या पोटात एक गृहीतक आहे. गाडीच्या प्रत्येक मापाला बाराने भागले की बाराव्या हिश्श्याची गाडी तयार होते, असे ते गृहीतक. प्रत्यक्षात मापे तेवढी लहान होतात, पदार्थ लहान होत नाहीत. रंगाचा थर, धुळीचा कण, पाण्याचा थेंब, चामड्यावरच्या सुरकुत्या आणि खोलीतली हवा आपल्या मूळ मापातच राहतात. म्हणून पुस्तिका तंतोतंत पाळणाऱ्याच्या हाती जे येते ते गाडीसारखे दिसत नाही, प्लॅस्टिकसारखे दिसते. कुठे मापाशी प्रामाणिक राहायचे आणि कुठे जाणूनबुजून खोटे करायचे, हे ठरवणे हाच या कामाचा गाभा आहे, असे माझे म्हणणे आहे. पनवेल तालुक्यातल्या गव्हाणसारख्या खाडीकाठच्या गावात तर हा गाभा लपूनच राहू शकत नाही, कारण तिथली हवा करणाऱ्याला निवांत आज्ञाधारक राहू देत नाही.

उदाहरणासाठी फियाट 806 या जुन्या शर्यतीच्या गाडीची 1:12 प्रमाणातली प्रतिकृती घेऊ. अशा गाडीचा पत्रा मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर जाडीचा धरला, तर बाराव्या हिश्श्यात तो 0.1 मिलिमीटर व्हायला हवा. साच्यात प्लॅस्टिक दाबून इतका पातळ भाग काढता येत नाही. तो एक मिलिमीटरच्या आसपास निघतो, म्हणजे खऱ्या गाडीच्या हिशेबात 12 मिलिमीटरचा पत्रा, जवळजवळ चिलखतच. बॉनेट बंद असताना हे कळत नाही. ते उघडे दाखवायचे ठरवले, की जाड कड उघडी पडते. तेव्हा जाणता माणूस बाहेरच्या अंगाला हात लावत नाही. आतल्या बाजूने कडेलगतचे प्लॅस्टिक पात्याने खरवडून तासतो. कड पातळ दिसली की नजर बाकीचा पत्राही पातळ मानून घेते. तारांच्या चाकांचेही असेच. चार मिलिमीटरची आरी बाराव्या हिश्श्यात 0.33 मिलिमीटर होते. तेवढी बारीक प्लॅस्टिकची आरी ओतली तर चौकटीतून कापतानाच मोडेल, म्हणून किटमधल्या आऱ्या साधारणपणे जाड असतात. काही जण त्या काढून धातूची तार ओवतात. काही जण आऱ्या तशाच ठेवून त्यांच्या बाजू गडद रंगवतात आणि फक्त माथ्यावर चंदेरी रेघ ओढतात. दुसरी युक्ती मला अधिक हुशारीची वाटते, कारण तिच्यात काहीही पातळ न करता पातळपणा दाखवलेला असतो. सगळ्यात नमुनेदार प्रकरण बॉनेटवरच्या पट्ट्याचे. खऱ्या गाडीत तो चामड्याचा असतो, म्हणून प्रतिकृतीतही चामडेच लावावे, असे कुणालाही वाटेल. पण चामड्याची रंध्रे आणि सुरकुत्या बाराने भागल्या जात नाहीत. दोन मिलिमीटर रुंदीचा खऱ्या चामड्याचा पट्टा हत्तीच्या कातडीतून कापल्यासारखा दिसतो. तपकिरी रंग दिलेली मास्किंग टेपची पट्टी मात्र हुबेहूब चामडे वाटते. इथे खरा पदार्थ खोटा ठरतो आणि खोटा पदार्थ खरा.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. निर्णय कशाला हवेत? मूळ गाडी पाहा, मोजा आणि तशी करा. फियाट 806च्या बाबतीत या आक्षेपाला परस्पर उत्तर मिळते, कारण पाहायला मूळ गाडीच उरलेली नाही. दीड लिटरचे, बारा सिलिंडरचे, दोन क्रँकशाफ्टचे, सुपरचार्जर जोडलेले इंजिन असलेली ही गाडी 4 सप्टेंबर 1927 रोजी मोंझाला मिलान ग्रां प्रीत धावली आणि पिएत्रो बोर्दिनोने पावसात ती शर्यत जिंकली. तिची ती एकुलती एक शर्यत. त्यानंतर फियाटने ग्रां प्री शर्यतींतून अंग काढून घेतले आणि गाडीसह तिचे साहित्य नष्ट केले. मोटारसायकल शर्यतपटू तार्क्विनिओ प्रोविनी यांच्या प्रोतार कंपनीने पुढे या गाडीचे 1:12 किट काढले आणि इटालेरी या कंपनीने नंतर ते पुन्हा बाजारात आणले. म्हणजे आज टेबलावर जोडली जाते ती अस्तित्वात नसलेल्या वस्तूची प्रतिकृती. मदतीला छायाचित्रे आहेत, पण छायाचित्र हा साधा साक्षीदार नव्हे. त्या काळी सर्रास वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. अशा छायाचित्रात इटलीचा शर्यतीचा लाल रंग काळपट उतरतो. फोटोकडे पाहून लाल गडद धरणारा माणूस गाडीची नव्हे, फिल्मची छटा रंगवत असतो. भर म्हणजे लहान पृष्ठभागावर तोच रंग मोठ्या पृष्ठभागापेक्षा अधिक गडद भासतो, असे प्रतिकृती करणारे पुष्कळ जण मानतात आणि रंगात थोडा पांढरा किंवा नारिंगी मिसळतात. किती मिसळावा, याचे भांडण मिटलेले नाही आणि मिटणारही नाही. मला स्वतःला कमी मिसळणाऱ्यांची बाजू पटते. फार उजळवलेली लाल गाडी उन्हात विटलेल्या दुकानाच्या पाटीवर जाते.

आता गव्हाणच्या हवेकडे येऊ. मोटारींना देतात तसा लॅकर रंग स्प्रेने मारला की त्यातले द्रावक झपाट्याने उडते आणि उडताना पृष्ठभाग थंड करते. बाष्पीभवनाचा हा साधा नियम. जुलैतल्या एखाद्या दिवशी तापमान 28 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू 26 अंशांच्या आसपास येतो. पृष्ठभाग जेमतेम दोन अंशांनी थंड झाला तरी ओल्या रंगावर दव धरते आणि लाल रंग दुधाळ, पांढरट पडतो. डिसेंबरात 25 अंश आणि 45 टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू 12 अंशांच्या घरात उतरतो आणि रंगाला दहा-बारा अंशांची मोकळीक मिळते. रंगाच्या डब्यावरच्या सूचना ही मोकळीक गृहीत धरून लिहिलेल्या असतात. खाडीचे पाणी, पाऊस आणि चार महिने न वाळणाऱ्या भिंती त्या लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसतात. शिवाय रंगवताना द्रावकाची वाफ बाहेर जावी म्हणून खिडकी उघडी हवी. ती उघडावी तर ओल आत येते, आणि कोरड्या दिवसांत धूळ येते. हा पट्टा जवळच्या नव्या विमानतळाच्या भरावाचा, फोडलेल्या टेकड्यांचा आणि न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरचा आहे. 0.1 मिलिमीटरचा धुळीचा कण बाराव्या हिश्श्याच्या बॉनेटवर सव्वा मिलिमीटरचा खडा होऊन बसतो. रंगाच्या सगळ्या थरांची मिळून जाडीही त्या कणाएवढीच भरते, म्हणून रिव्हेटांची बारीक डोकी बुजू द्यायची नसतील तर प्रत्येक थर पातळ आणि मोजका ठेवावा लागतो. या अडचणींवर पुस्तिकेत एक ओळही सापडणार नाही. पनवेल-कळंबोलीकडच्या गॅरेजांत मात्र त्यांची उत्तरे तयार आहेत. पावसाळ्यात थिनरमध्ये रिटार्डर घालून द्रावक सावकाश उडू द्यायचे, कंप्रेसरच्या सापळ्यातले पाणी वरचेवर काढायचे, खड्डे एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुटीने भरून वॉटर पेपरने पाण्यात घासायचे, हे तिथल्या रंगाऱ्याला नव्याने शिकवावे लागत नाही. पण तेही उत्तर जसेच्या तसे उचलता येत नाही. पत्र्याला चालणारे एनसी थिनर पॉलिस्टायरीनला खाते. भरपूर पुटी एकदम भरली तर तिच्यातल्या द्रावकाने खालचे प्लॅस्टिक मऊ पडते आणि महिन्याभराने तिथे खळगा बसतो. म्हणून पुटी पातळ थरांत, प्रत्येक थर वाळू देऊन, आणि प्रायमर लांबून, जवळजवळ कोरड्या तुषारांनी मारायचा. गॅरेजचे ज्ञान घ्यायचे, पण प्लॅस्टिकच्या बेताने बदलून.

चिकटवण्याच्या बाबतीत हीच हवा कधी मध्ये येत नाही तर कधी अडवते. पॉलिस्टायरीनचे द्रवरूप सिमेंट खरे तर डिंक नव्हे. ते दोन्ही कडा विरघळवते आणि त्या एकमेकींत मुरून एकजीव होतात. ब्रशचे टोक सांध्याला टेकवले की केशाकर्षणाने ते आपोआप आत शिरते. त्याला हवेतल्या ओलीशी देणेघेणे नसते. फेविक्विकच्या जातीचा डिंक उलट ओलीवरच घट्ट होतो. दमट दिवशी तो भाग सरळ करायलाही वेळ देत नाही, आणि त्याची वाफ पारदर्शक काचेवर पांढरे सावट धरते. त्यामुळे पुढच्या छोट्या वाऱ्याच्या काचेसाठी साधा फेविकॉल बरा. तो सावकाश वाळतो, पारदर्शक होतो आणि चुकला तर ओल्या बोळ्याने पुसता येतो.

हे सगळे ऐकूनही, शेवटी खेळणेच ना, असे म्हणणारे असतात आणि कायदा त्यांच्या बाजूने आहे. आयात शुल्काच्या 9503 या शीर्षकात बाहुल्या आणि कोड्यांच्या शेजारीच प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा उल्लेख आहे. या शीर्षकाखालचे मूळ शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70 टक्के. 1989 मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर गव्हाणहून फार लांब नाही. तिथे उतरणारा मोटारीचा खरा सुटा भाग मोटारीचाच भाग ठरतो आणि त्याची बारावा हिस्सा केलेली नक्कल खेळणे ठरते. यात कायद्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्याला वस्तूचे वर्गीकरण करायचे असते, तिच्यामागच्या श्रमाचे नव्हे. पण शुल्क वस्तूवर बसते म्हणून तिच्यावर केलेले कामही पोरखेळ ठरते, हे अनुमान चुकीचे आहे. याच आक्षेपाचा दुसरा पदर अधिक बोचरा आहे. इतके महाग, परक्या देशातल्या श्रीमंतांच्या शर्यतीचे किट गव्हाणात कुणी का जोडावे? ज्या गावांची भातशेती आणि मिठागरे बंदराखाली आणि नव्या शहराखाली गेली, तिथे मचवा करावा, बैलगाडी करावी. मचव्याची प्रतिकृती कुणी केली तर मला आनंदच होईल, आणि पदार्थ लहान न होण्याची अडचण तिथेही येईल, कदाचित लाकडाच्या रेषांमुळे जास्तच येईल. पण फियाट परकी आहे, हे इकडच्या लोकांनी म्हणू नये. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाटच्याच गाड्या बांधल्या. त्यातली पद्मिनी काळीपिवळी टॅक्सी होऊन 2023 पर्यंत मुंबईत धावली, आणि तिला बहुतेक मुंबईकर शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. किमतीचा मुद्दा मात्र मी खोडून काढत नाही. मध्यम उत्पन्नाच्या घराला 1:12चे किट परवडत नाही. 1:24 किंवा 1:32ची साधी किट त्या मानाने स्वस्त पडतात आणि त्यांत हे प्रश्न सोपे होण्याऐवजी दुप्पट बिकट होतात, कारण प्रमाण जितके लहान तितका रंगाचा थर जाड.

उरतो तो आजच्या काळाचा आक्षेप. तयार डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूची, गाडी विकत मिळते आणि रेझिनचा प्रिंटर घरबसल्या भाग छापून देतो, मग हातांनी कशाला? डायकास्ट गाडीत निर्णय कारखान्यात आधीच झालेले असतात. तिथे रंग यंत्राने, हजारो गाड्यांना एकसारखा मारला जातो आणि तो बहुधा काचेसारखा चकाकता असतो, कारण गिऱ्हाइकाला चकाकी आवडते. 1927 साली मोंझाच्या पावसातून गेलेल्या गाडीला ती चकाकी शोभत नाही. प्रिंटरचे प्रकरण वेगळे आहे. तो 0.05 मिलिमीटरचे थर छापतो, म्हणून आऱ्या आणि बॉनेटची कड यांचा प्रश्न तो पुष्कळसा सोडवतो, हे मान्यच करायला हवे. पण त्या थरांच्या पायऱ्या घासाव्या लागतात, रेझिनचा भाग धुऊन अतिनील प्रकाशात पक्का करावा लागतो, आणि त्यानंतर तो पुन्हा त्याच रंगाच्या आणि त्याच जुलैच्या हवाली होतो. शिवाय टायर राहतातच. अनेक किटमधले टायर मऊ व्हिनाइलचे असतात. त्यांना मऊ ठेवणारे रसायन हळूहळू बाहेर झिरपते, पॉलिस्टायरीनच्या चाकात शिरते आणि जिथे टायर टेकतो तिथे चाक वितळवते. उष्णतेने हे लवकर होते. एप्रिल-मेची पत्र्याखालची खोली यासाठी पुरेशी आहे. यावरचा उपाय गाडी पूर्ण होण्याआधीच करावा लागतो. टायर बसवण्यापूर्वी चाकाच्या धावेवर ॲल्युमिनियमची पातळ फॉइल चिकटवायची आणि गाडीखाली धुरे तोलून धरणारे दोन ठोकळे द्यायचे, म्हणजे वजन टायरवर येत नाही आणि ते चपटेही होत नाहीत. फॉइल टायरखाली झाकली जाते. ठोकळे मात्र दिसतात, आणि काही जण एवढ्यासाठीच ते लावायचे टाळतात.