भेंडीची तपासणी आणि हजेरीवहीची

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भातकापणी उरकली, की जिथे विहिरीचे किंवा बंधाऱ्याचे पाणी आहे तिथे भेंडी लावतात. भेंडी दिवसाआड तोडावी लागते, नाही तर ती जून होते. तोडणाऱ्याच्या हाताला खाज सुटते ती वेगळीच. हे काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. यातली काही भेंडी मुंबईहून विमानाने आखातात आणि युरोपात जाते. तिकडचा दुकानदार दोन गोष्टी विचारतो : हिच्यावर औषध किती मारले, आणि तोडणाऱ्या बाईला काय मिळाले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत मिळते. २००३ साली आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले, युरोपात गहजब झाला आणि तेव्हापासून शेताची नोंदणी, नमुने, चाचण्या हे सगळे आपल्याकडे रुळले. दुसऱ्या प्रश्नाला मात्र प्रयोगशाळा नाही. तिथे माणूसच पाठवावा लागतो.

त्यासाठी नियमावल्या आहेत. ब्रिटनमध्ये १९९८ साली ‘एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह’ स्थापन झाली. ‘फेअरट्रेड’ची स्वतःची पद्धत आहे. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘युरेपगॅप’चे २००७ मध्ये ‘ग्लोबलगॅप’ झाले आणि मजुरांच्या हक्कांसाठी तिला ‘ग्रास्प’ नावाची जोड मिळाली. आता अर्ध्या एकराच्या शेतकऱ्याला एकट्याने प्रमाणपत्र परवडणार कसे? म्हणून गट करतात. गटाचा स्वतःचा निरीक्षक प्रत्येक शेतावर जातो. बाहेरचा तपासनीस ‘ग्लोबलगॅप’मध्ये किमान वर्गमुळाइतकी शेते पाहतो, म्हणजे गटात ६४ शेतकरी असतील तर ८. ही आठ कोणती, हे गट नाही, तपासनीस ठरवतो.

शेतावर आल्यावर तो भेंडीकडे फारसे बघतच नाही! तो औषधांच्या खोलीत शिरतो. कुलूप आहे का? पावडरी वरच्या फळीवर आणि पातळ औषधे खाली आहेत ना? (उलट ठेवली तर गळती खालच्या पिशव्यांत जाते.) रिकाम्या बाटलीत कोणी पिण्याचे पाणी तर भरत नाही? मग फवारणीची तारीख आणि तोडणीची तारीख ताडून पाहतो. शेवटी साधे गणित करतो. एवढ्या जमिनीत एवढी भेंडी निघूच शकत नसेल, तर शेजारची भेंडी पेट्यांत शिरली आहे हे उघड आहे.

खरी कसोटी लागते ती हजेरीवहीची. महिनाभराचे अंगठे एकाच शाईत, एकाच बैठकीत उमटलेले असले तर जाणकाराला ते लगेच कळते. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हसाची जत्रा भरते. त्या दिवशीही सगळे मजूर हजर, होळीलाही सगळे हजर, असे वहीत दिसले तर ती वही घरी बसून लिहिलेली असण्याचाच संभव जास्त.

मग मजुरांशी बोलणे. मालक आणि मुकादम दूर हवेत, बाईने नाव सांगण्याची गरज नको. ‘मजुरी पुरेशी मिळते का?’ असे विचारले की उत्तर ‘हो’च येणार. त्यापेक्षा काल किती वाजता आलात, मागचे पैसे कधी हातात पडले, पाणी कुठे पिता, असे विचारावे. कातकरी किंवा ठाकूर बाईशी पुस्तकी मराठीत बोलणारा तपासनीस, माझ्या मते, अर्धे काम वाया घालवतो.

आणि एक प्रश्न या जिल्ह्यात विचारलाच पाहिजे : उचल घेतली होती का? लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सालोसाल राबणारा ‘लगीनगडी’ ठाण्याच्या ग्रामीण भागाला नवा नाही. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ सालचा, तरी विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला १९८०च्या दशकात अशा माणसांना सोडवण्यासाठी लढावे लागले. उचल घेणे हा गुन्हा नव्हे. पण ती फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायची मुभा नसेल, तर भेंडी कितीही स्वच्छ असो, प्रमाणपत्र देता येत नाही. मुलांचेही तसेच. २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळा सुटल्यावर घरच्या शेतात हात लावता येतो, पण परक्याच्या शेतात मजुरीला जाता येत नाही. म्हणून मूल कुणाचे, शेत कुणाचे, हेही पाहावे लागते.

यातून सगळे सापडते असे समजू नये. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला २०१२ साली कामगार-कल्याणाचे एसए ८००० प्रमाणपत्र मिळाले, आणि काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबरला, तिथल्या आगीत अडीचशेहून अधिक माणसे गेली. शेतावर एवढी आग लागत नाही, पण तपासणीतले दोष तेच. तारीख बहुधा आधी कळते आणि तपासणीचा खर्च बहुतेकदा ज्याची तपासणी व्हायची त्याच्याकडूनच निघतो.

शेतकऱ्याचीही एक तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. हातमोजे, संडास, औषधांची खोली, सगळे त्याने करायचे. फेअरट्रेडच्या व्यवहारात मालाच्या किमतीवर वेगळी रक्कम मिळते, ती कशी वापरायची ते गट ठरवतो. बाकी बऱ्याच ठिकाणी खर्च वाढतो, पण पेटीचा भाव तोच राहतो. मग हात आखडायचा तो मजुरीवरच.

शिवाय मुकादमाकडून येणारी टोळी रोज तीच असते असे नाही. कालपर्यंत तोडणीला असलेली बाई तपासणीच्या दिवशी नेमकी शेतावर नसते. म्हणून चांगला तपासनीस तिन्हीसांजेला टेम्पो मजुरांना जिथे सोडतो त्या पाड्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो.